मूल वाढतं, अपील थांबतं

बाल न्याय मंडळात वकिली करणाऱ्याची नजर एका बाबतीत इतर फौजदारी वकिलांपेक्षा वेगळी घडत जाते. प्रौढ आरोपीचे कागद हातात आले की आधी कलम पाहायचं, मग शिक्षा. मुलाचे कागद आले की आधी जन्मतारीख पाहावी लागते. अठरा पूर्ण व्हायला किती महिने उरलेत, एकवीस व्हायला किती, हा हिशेब कागदाच्या कोपऱ्यात मांडूनच पुढचं पान उलटलं जातं. कारण या कायद्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय वयाशी आणि मुदतीशी बांधलेला आहे. समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम, परिविक्षा, विशेष गृहातला फार तर तीन वर्षांचा मुक्काम, हे सगळं वाढत्या वयाच्या माणसासाठी योजलेलं आहे आणि वाढतं वय कुणाच्या तारखेसाठी थांबत नाही. म्हणूनच मंडळाचा आदेश चुकला असेल तर तो दुरुस्त करणाऱ्या अपिलाला इथे वेगळं महत्त्व येतं. प्रौढाचं अपील दहा वर्षांनी मंजूर झालं तर त्याला निदान निर्दोषत्वाचा कागद आणि उरलेली शिक्षा माफ एवढं मिळतं. मुलाचं अपील दोन-तीन वर्षं रेंगाळलं तर ज्या गोष्टीसाठी ते केलं होतं ती गोष्टच शिल्लक राहत नाही. म्हणून मुलांच्या अपिलाची मुदत ही न्यायालयाच्या सोयीची बाब न मानता मुलाच्या हक्काचा भाग मानली पाहिजे, आणि ती मोडली तर काहीतरी परिणाम झाला पाहिजे, असं या कामातून माझं ठाम मत झालं आहे.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुदतींची मांडणी बारकाईने केलेली आहे. मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपवायची, कारण असेल तर आणखी दोन महिने. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढासारखं चालवायचं का, हे ठरवणारं प्राथमिक मूल्यांकन तीन महिन्यांत उरकायचं. मंडळाच्या आदेशावर तीस दिवसांत अपील करायचं, आणि त्या अपिलाचा निकालही तीस दिवसांत लागावा, असं कलम १०१ च्या पहिल्या पोटकलमातच लिहिलेलं आहे. प्राथमिक मूल्यांकनावरच्या अपिलाबाबत त्याच कलमाचं दुसरं पोटकलम मात्र गप्प होतं. मे २०२४ मध्ये कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती उणीव भरून काढली आणि असं अपीलही तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं सांगितलं. पण त्याच निकालात मूल्यांकनाची तीन महिन्यांची मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असंही ठरलं. म्हणजे आज परिस्थिती अशी आहे की मुदती पुष्कळ आहेत, मात्र त्या मोडल्या तर काय, याचं उत्तर कायदा एकाच ठिकाणी देतो: किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढीव मुदतीतही संपली नाही तर ती कार्यवाहीच संपुष्टात येते. अपिलाच्या बाबतीत असं काहीच नाही. तीस दिवसांचे तीनशे झाले तरी कुणाला जाब द्यावा लागत नाही.

हा वेळ जातो कुठे, हे बाहेरून दिसत नाही. आतून पाहिलं तर त्यात नाट्यमय असं काही नसतं. आदेशाची नक्कल मिळेपर्यंत काही दिवस जातात. मंडळापुढे विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला वकील त्या मंडळापुरता असतो. सत्र न्यायालयात अपील करायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा नेमणुकीचं पत्र, पुन्हा वकालतनामा. आईवडील रोजंदारीवर असतात. एका सहीसाठी एक खाडा आणि प्रवासाचा खर्च, हे गणित त्यांना परवडत नाही. अपील करता येतं हेच बऱ्याच घरांत उशिरा कळतं, कारण आदेश ऐकताना त्यांच्या कानावर फक्त ‘आत ठेवलं’ किंवा ‘सोडलं’ एवढंच पडलेलं असतं. मग तीस दिवस उलटतात आणि अपिलाआधी विलंब माफीचा अर्ज येतो. त्यावर सरकार पक्षाला नोटीस, त्यांचं म्हणणं, युक्तिवाद, आदेश. अपील दाखल झालं की मंडळाकडून मूळ कागदपत्रं मागवली जातात, आणि ती वर गेली की खाली मंडळात त्या प्रकरणाची पुढची तारीख ‘आर अँड पी (म्हणजे ही मूळ कागदपत्रं) परत येईपर्यंत’ अशी पडू लागते. वरच्या न्यायालयात त्याच न्यायाधीशांपुढे खून, दरोडे, पॉक्सोचे खटले आणि कच्च्या कैद्यांचे जामीन अर्ज असतात. मुलाची फाइल त्या ढिगात बारीक असते, आणि बारीक फाइल मागे पडते. यात कुणी दुष्ट नसतो. प्रत्येकाने आपापला आठवडा घेतलेला असतो, आणि सगळे आठवडे मिळून मुलाचं एक शैक्षणिक वर्ष गेलेलं असतं.

जामिनाचं उदाहरण सगळ्यात उघड आहे. कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. त्याची सराईत गुन्हेगारांशी गाठ पडण्याची, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका होण्याची, किंवा न्यायाचा हेतूच हरवण्याची शक्यता असेल तरच तो नाकारता येतो, आणि त्याची कारणं लिहावी लागतात. ही कारणं चुकीची वाटली तर सत्र न्यायालयात अपील आणि तिथेही नाही जमलं तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण, असा रस्ता आहे. पण मूळ चौकशीलाच चार ते सहा महिन्यांची मर्यादा असताना जामिनाच्या अपिलाला तेवढेच महिने लागले तर त्या अपिलाचा उपयोग काय? निरीक्षण गृहात काढलेले महिने परत मिळत नाहीत. विशेष गृहात पाठवण्याच्या आदेशाचंही तसंच. तिथली कमाल मुदतच तीन वर्षांची आहे. दोन वर्षांचा आदेश असेल आणि अपील दीड वर्षाने बोर्डावर आलं, तर न्यायालयापुढे ठरवायला उरतं काय? तेव्हा वकिलांच्या भाषेत ‘अपील इन्फ्रक्चुअस’, म्हणजे निरर्थक, ‘झालं’ असं म्हणून ते निकाली निघतं. आकडेवारीत एक प्रकरण कमी होतं. आदेश बरोबर होता की चूक, हा प्रश्न कुणीही न सोडवता संपतो, आणि तीच चूक पुढच्या मुलाच्या आदेशात पुन्हा उतरते, कारण वरून कुणी ती दुरुस्त केलेलीच नसते.

उशीर न्यायाचा विषयच कसा बदलून टाकतो, हे गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात लख्ख दिसतं. सप्टेंबर २०१७ मध्ये शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पुढे अकरावीतल्या एका मुलावर आरोप आला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. डिसेंबर २०१७ मध्ये मंडळाने त्याला प्रौढासारखं चालवावं असं ठरवलं. मे २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने ते कायम केलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ते दोन्ही आदेश रद्द करून मूल्यांकन नव्याने करायला सांगितलं. त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील झालं आणि तिथला निकाल आला जुलै २०२२ मध्ये. उच्च न्यायालयाचं म्हणणं कायम झालं, प्रकरण पुन्हा मंडळाकडे गेलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुन्हा तेच ठरवलं, की याला प्रौढासारखं चालवावं. या काळात मुलगा जवळपास पाच वर्षं बंदिस्त राहिला आणि एकविशीला पोचला. मूल्यांकनात पाहायचं काय असतं? गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि ज्या परिस्थितीत गुन्हा झाला ती परिस्थिती. सोळाव्या वर्षी त्या मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे एकविसाव्या वर्षी समोर बसलेल्या तरुणाकडे पाहून सांगायचं! जगातला कितीही निष्णात मानसशास्त्रज्ञ आणला तरी तो आता जुन्या नोंदींवर अंदाज बांधणार. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, अपिलाच्या पाच वर्षांनी पुराव्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे तो सोळा वर्षांचा मुलगाच, नाहीसा केला होता.

याहून दूरचं टोक पुण्यात सापडतं. १९९४ मध्ये पुण्यात एका कुटुंबाच्या घरात सात जणांचं हत्याकांड झालं. त्यात दोषी ठरलेल्यांपैकी एकाला फाशीची शिक्षा झाली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. आपण त्या वेळी अल्पवयीन होतो हा त्याचा दावा तपासायचा आदेश २०१९ मध्ये झाला, पुण्यातच चौकशी झाली, राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पाहिलं गेलं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. तोपर्यंत त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. गुन्हा किती भयंकर होता याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला देशाच्या कुठल्याच कायद्याने फाशी देता येत नव्हती, आणि तीन वर्षांहून जास्त डांबूनही ठेवता येत नाही, म्हणून न्यायालयाने त्याला सोडलं. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही, करता येतो, या कलम ९ मधल्या तरतुदीकडे बोट दाखवून काही जण म्हणतात, की दार उघडंच आहे, मग तक्रार कसली? दार उघडं ठेवलं हे चांगलंच. पण ते अठ्ठावीस वर्षांनी ओलांडता आलं याला न्याय म्हणायचं असेल, तर त्या शब्दाची किंमत आपण फार खाली आणली आहे. वयाची शंका आल्यानंतरही अहवाल आणि निकाल यांत वर्षं जातात, ही गोष्ट तर जुन्या काळच्या अज्ञानावरही ढकलता येत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वकिलांच्याच वर्तुळात हळू आवाजात घेतला जातो: उशीर मुलाच्या फायद्याचा असतो. तो जामिनावर बाहेर असतो, साक्षीदार पांगतात, प्रकरण आपोआप थंडावतं. काही प्रकरणांत हे खरं आहे, आणि तारखा मागणाऱ्यांत बचाव पक्षही असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा फायदा ज्याच्या पाठीशी घर, पैसा आणि वकील आहे त्याचा. ज्याला जामीन मिळाला नाही किंवा मिळूनही हमीदार मिळाला नाही, त्याला उशीर आतच काढावा लागतो. बाहेर असलेल्यालाही तो फुकट पडत नाही. कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणातल्या नोंदी काही अपवाद सोडता नष्ट करायच्या असतात, म्हणजे मुलाला कोऱ्या पाटीने सुरुवात करता यावी. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनी त्यासाठी अपिलाची मुदत संपेपर्यंतची किंवा सात वर्षांपर्यंतची मर्यादा घातली. पण प्रकरण वरच्या न्यायालयात जिवंत असेल तोवर कागद जिवंत राहतात. पोलीस भरती, पासपोर्ट, परिचारिकेचा अभ्यासक्रम, बंदरावरचं काम, प्रत्येक ठिकाणी पडताळणीत ‘प्रकरण प्रलंबित’ हे दोन शब्द उमटतात, आणि निर्दोष ठरू शकणारा मुलगा निकालाआधीच बाद होतो.

दुसरा आक्षेप पीडितांच्या बाजूचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. मुलांच्या सोयीसाठी घाई करायची, मग ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? खरं सांगायचं तर उशिराची सगळ्यात मोठी किंमत तेच मोजतात. गुरुग्राममध्ये खून झालेल्या मुलाचे आईवडील पाच वर्षांनंतरही ‘कुठल्या न्यायालयात खटला चालणार’ याच पायरीवर उभे होते. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले. सतरा वर्षांच्या आरोपीला प्रौढासारखं चालवावं ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली ती १५ जुलै २०२५ ला, म्हणजे जवळपास चौदा महिन्यांनी. निर्णय पटो वा न पटो, तीन महिन्यांच्या प्रश्नाला चौदा महिने लागले. त्याच प्रकरणात मुलाला निरीक्षण गृहातून सोडण्याबद्दलची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने अपघातानंतर सव्वा महिन्याच्या आत, २५ जूनला, निकाली काढली. मुलाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न न्यायालयाने तातडीने ऐकला हे योग्यच झालं. पण त्यातून एवढं सिद्ध होतं की हा वेग आपल्या न्यायालयांना शक्य आहे. प्रश्न इतकाच, की उच्च न्यायालयाचं दार ठोठावण्याची ऐपत नसलेल्या मुलाचं साधं अपील त्याच वेगाने का ऐकलं जाऊ नये.

तिसरा आक्षेप असा, की घाईत निर्णय बिघडतात. गुरुग्राम प्रकरण तर याचंच उदाहरण म्हणून दाखवता येईल. मंडळाचा पहिला आदेश रद्द झाला त्यात मुलाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, हे महत्त्वाचं कारण होतं. आक्षेप बरोबर आहे, पण तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. विचाराला लागणारा वेळ वेगळा आणि फाइल कपाटात पडून राहण्याचा वेळ वेगळा. मूल्यांकनावरच्या अपिलात मंडळाने ज्यांची मदत घेतली होती ते सोडून दुसऱ्या अनुभवी मानसशास्त्रज्ञांची आणि वैद्यकीय तज्ज्ञांची मदत घ्यायला कायदाच सांगतो. त्यासाठी दोन आठवडे जास्त लागले तर लागू द्यावेत. पण रेंगाळलेल्या अपिलांतला बहुतेक वेळ तज्ज्ञाच्या खोलीत जात नाही. तो नकलेत, नोटिशीत, नेमणुकीत आणि ‘वेळेअभावी तहकूब’ या शेऱ्यात जातो. तो कापला तर निर्णयाचा दर्जा घसरणार नाही, उलट न्यायाधीशापुढे प्रकरण ताजं असताना येईल.

शेवटचा आक्षेप मनुष्यबळाचा. मंडळंच अपुरी आहेत, तर अपिलांना कुठून वेळ आणणार? ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या अभ्यासात ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी देशातल्या ३६२ मंडळांपुढची निम्म्याहून अधिक प्रकरणं प्रलंबित आढळली, त्यामुळे अडचण खरी आहे. तरीही प्रमाण लक्षात घ्यायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात ५८ लाखांहून अधिक गुन्हे नोंदले गेले, त्यांतले मुलांनी केल्याचा आरोप असलेले ३०,५५५. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. त्यांतल्याही थोड्याच प्रकरणांत अपील होतं. एका जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाला आठवड्यातला एक अर्धा दिवस या अपिलांसाठी राखून ठेवणं अशक्य आहे, हे मला पटत नाही. आज ते होत नाही याचं साधं कारण असं, की कुणी मोजत नाही. कलम १६ प्रमाणे मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा तो मंडळापुढच्या प्रकरणांचा. सत्र न्यायालयातल्या अपिलांना असा आढावा नाही. जे मोजलं जात नाही ते थकीत आहे हेही कळत नाही.

मग करायचं काय, याची उत्तरं मोठी नाहीत. मंडळाने आदेश सुनावला त्याच दिवशी त्याची नक्कल मुलाच्या हातात विनामूल्य द्यावी आणि अपील करायचं आहे का, हे मुलाला व पालकांना त्यांच्या भाषेत विचारून उत्तर नोंदवावं. विधी सेवेचा वकील मंडळापासून अपिलापर्यंत एकच असावा. मूळ कागदपत्रांऐवजी स्कॅन केलेल्या प्रती वर पाठवाव्यात, म्हणजे खालची चौकशी अडणार नाही. अपिलाच्या पहिल्या पानावर मुलाची जन्मतारीख, तो आत आहे की बाहेर आणि आदेशाची मुदत कधी संपते, या तीन गोष्टी ठळक लिहाव्यात. कलम १६ चा आढावा अपिलांनाही लागू करावा. आणि मुदत मोडल्याचा परिणाम ठरवून द्यावा: मूल बंदिस्त असेल आणि तीस दिवसांत अपिलाचा निकाल लागला नाही, तर योग्य अटींवर त्याला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी पाठवावं, आणि ज्या गंभीर प्रकरणांत ते शक्य नाही तिथे उशिराची लेखी कारणं उच्च न्यायालयाला कळवावीत. हे काही अभूतपूर्व मागणं नाही. पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर १९८६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात मुलावरचा खटला आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत संपला नाही तर तो रद्द होण्यास पात्र ठरेल. खटल्याला जो न्याय चाळीस वर्षांपूर्वी लावला, तो अपिलाला लावायला आज कुणाची हरकत असू नये. जिल्हा न्यायालयांना यातली बरीचशी कामं नव्या कायद्याची वाट न पाहता, प्रशासकीय परिपत्रकाने उद्यापासून सुरू करता येतील. ती सुरू करावीत, आणि आपल्या जिल्ह्यात मुलांची किती अपिलं तीस दिवसांहून अधिक काळ पडून आहेत, हा आकडा दर तिमाहीला जाहीर करावा.